पाचव्या इंद्रियाचे ऋण

गेल्या वर्षीच्या चातुर्मासातील गोष्ट. पाटणच्या आमच्या जुन्या घरी थोरली बहीण, आम्हा सर्वांची आक्का, ओसरीवर बसली होती. तिचा डावा कान लहानपणापासून वाहतो. अलीकडे उजव्यालाही त्रास सुरू झाला, म्हणून तिला कराडला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डाव्या पडद्याला भोक आहे, मध्यकर्णात पू आहे, दहा दिवस थेंब घालावेत, कान कोरडा ठेवावा आणि पुढे पडद्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे त्यांनी सांगितले. चार दिवस आक्काने थेंब नियमाने घातले. पाचव्या दिवशी तिचा नातू सुट्टीला आला. तो औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाटली हातात घेऊन तो सहज बोलून गेला, “आजी, असली औषधे माणसाच्या कानात जाण्याआधी गिनीपिगच्या कानात घालून पाहतात. तपासणी झाली की त्या प्राण्यांना मारतात.”

आक्काने काही न बोलता बाटलीचे झाकण घट्ट लावले आणि ती कपाटात ठेवून दिली. संध्याकाळी मला म्हणाली, “पर्युषण पंधरा दिवसांवर आलेत. ज्या कानाने प्रवचन ऐकायचे, त्याच कानात हे कसे घालू? तू शिकलेला आहेस, तूच सांग.”

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि उभी हयात बँकेत गेलेली. वैद्यकशास्त्र मला येत नाही आणि धर्मशास्त्रात निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. मला येतो तो हिशेब. म्हणून मी आक्काकडे चार दिवसांची मुदत मागितली आणि या थेंबांचा जमाखर्च मांडण्यास बसलो. तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण हा प्रश्न एकट्या आक्काचा नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरातील औषधाच्या डब्यात तो पडून आहे.

कान वाहतो म्हणजे काय

पाटण हे कोयना आणि केरा यांच्या संगमावरचे गाव. येथला पाऊस चार महिने भिंतींनाही कोरडे राहू देत नाही. आमच्या लहानपणी पावसाळ्यात ‘कान फुटला’ हे वाक्य प्रत्येक घरी ऐकू येई. आई लसणाची पाकळी घालून तेल कोमट करी आणि कानात सोडी. वर कापसाचा बोळा. ठणका थांबला की सगळे निर्धास्त होत. ठणका का थांबला, हे मला आता डॉक्टरांनी सांगितले. आत साठलेल्या पुवाने पडदा फाडून वाट काढली होती. दाब गेला म्हणून वेदना गेली. तेलाचा त्यात काही वाटा नव्हता.

पडद्याच्या आत हवेने भरलेली एक लहानशी पोकळी आहे, तोच मध्यकर्ण. तेथे हातोडी, ऐरण आणि रिकीब या आकारांची तीन इवलीशी हाडे आवाजाचे कंप आतल्या कानाकडे पोचवतात. ही पोकळी एका नळीने नाकाच्या मागील भागाशी जोडलेली असते. लहान मुलांत ती नळी आखूड आणि बरीच आडवी असल्यामुळे सर्दीबरोबर जंतू कानात सहज शिरतात. संसर्ग पुनःपुन्हा झाला, पडद्याचे भोक बुजले नाही, तर कान वर्षानुवर्षे वाहतो आणि ऐकणे हळूहळू उणे होत जाते. पू कानामागच्या हाडात आणि तेथून मेंदूपर्यंत गेला, तर जिवावर बेतते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अहवालात जगातील साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी लोकांचे कान असे वाहतात, असा अंदाज दिला आहे. ज्या देशांत हे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक आहे, त्या सर्वांत वरच्या गटात भारताचे नाव आहे. म्हणजे आक्का एकटी नव्हे.

प्रयोगशाळेत काय होते

नातवाने सांगितले ते खरे आहे. हिशेबात खरे लपवून चालत नाही, म्हणून ते नीट सांगतो.

मध्यकर्णाच्या रोगासाठी दोन प्राणी प्रामुख्याने वापरले जातात. एक गिनीपिग आणि दुसरा चिंचिला. चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला, सशाहून लहान, अत्यंत मऊ केसांचा प्राणी. त्या केसांपायीच माणसाने त्याची इतकी शिकार केली की रानात तो फार थोडा उरला. त्याच्या मध्यकर्णाभोवतीची हाडाची पोकळी मोठी आणि तिची भिंत पातळ असते. त्याची ऐकण्याची कक्षाही माणसाच्या कक्षेशी बरीचशी जुळते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. गिबिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली चिंचिलांच्या मध्यकर्णात न्यूमोकॉकस जंतू सोडून माणसासारखा रोग घडवून दाखविला. तेव्हापासून कानाची अनेक औषधे आणि लशी या प्राण्यावर अजमावल्या गेल्या.

पद्धत साधारण अशी. प्राण्याला भूल देऊन सुईने मध्यकर्णात जंतू सोडतात. काही दिवसांत पडदा लाल होऊन फुगतो, आत पू जमतो. मग काहींना औषध देतात, काहींना देत नाहीत. कानातील द्रव काढून त्यातील जंतू मोजतात. औषधाने आतल्या कानाला इजा होते का, हे पाहण्यासाठी श्रवणाची परीक्षा घेतात. टाळी वाजली की गिनीपिगच्या कानाची पाळी क्षणात हलते. जुन्या काळी त्या हलण्यावरूनच तो ऐकतो की नाही हे ठरवीत. आता भूल देऊन विद्युत्संवेदना नोंदवितात. शेवटी बहुतेक प्राण्यांना मारून त्यांच्या आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी दर्शकाखाली पाहतात. त्या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात काय, गिनीपिगमध्ये काय, पुन्हा उगवत नाहीत.

आपल्या शास्त्रकारांनी जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून केली आहे. पृथ्वी, पाणी, वनस्पती यांना केवळ स्पर्श. कृमीला दोन इंद्रिये, मुंगीला तीन, भुंग्याला चार. पाचवे इंद्रिय म्हणजे कान. ते लाभले की जीव पंचेंद्रिय ठरतो आणि त्याच्या हिंसेचा दोषही तितका गंभीर मानला जातो. गिनीपिग आणि चिंचिला आपल्या पंक्तीला येऊन बसतात ते कानामुळेच, आणि या प्रयोगात त्यांचा नेमका तोच कान घेतला जातो. आक्काच्या मनाला जे बोचले, ते हेच असावे.

जमेची बाजू

आता दुसरे पान. ही परीक्षा मुळात का सुरू झाली?

१९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषध एका गोड द्रवात विरघळवून विकले. तो द्रव विषारी होता, आणि तो कोणावरही, प्राण्यांवरसुद्धा, तपासलेला नव्हता. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत अनेक मुले होती. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, विक्रीआधी औषधाच्या सुरक्षिततेचा पुरावा मागणारा कायदा तेथे झाला. न तपासलेल्या औषधाची परीक्षा शेवटी रुग्णावरच होते, आणि तीही त्याला न विचारता.

पेनिसिलिनची कथा प्रसिद्ध आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना मारक जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिले, ते जगले. उरलेले चार मेले. त्यापूर्वी कानाचा पू हाडात उतरला की कानामागचे हाड कोरून काढण्यावाचून वैद्यांच्या हाती फारसा इलाज नसे. आज कान फुटून मूल दगावल्याचे आपण क्वचितच ऐकतो. त्यामागे त्या चार उंदरांचाही वाटा आहे.

खुद्द कानाच्या थेंबांचे उदाहरण घ्या. निओमायसिन, जेंटामायसिन या जातीची औषधे जंतूंना मारतात. पण मध्यकर्णात गेली तर गोल खिडकीच्या नाजूक पडद्यातून आतल्या कानात झिरपून केसपेशींना इजा करू शकतात. गिनीपिगांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. त्यामुळे ज्यांच्या पडद्याला भोक आहे त्यांना असे थेंब देताना डॉक्टर सावध झाले. याउलट ऑफ्लॉक्सासिनचे थेंब गिनीपिगच्या मध्यकर्णात घालून पाहिले, तेव्हा श्रवणाला हानी आढळली नाही. पडदा फाटलेल्या कानासाठी त्या थेंबांना अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. आक्काच्या कपाटातील बाटली याच कुळातील होती. उरलेले थोडके श्रवण औषधानेच गमावण्याची वेळ तिच्यावर आली नाही, याचे कारण हे प्रयोग आहेत.

२०१६ साली बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. डॅनियल कोहेन यांच्या गटाने पडद्यावर एकदाच टाकायचे, तेथेच घट्ट होऊन बसणारे आणि पडदा न फाडता आत औषध पोचविणारे जेल चिंचिलांवर अजमावले. जेल दिलेल्या दहाही चिंचिलांचा संसर्ग गेला. नुसते थेंब दिलेल्या आठांपैकी पाचच बरे झाले. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात दहा दिवस औषध कोंबणाऱ्या आयांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

नावेची बाजू

परंतु जमेची ही बाजू दिसते तितकी निखळ नाही. प्राण्यात दिसले ते माणसात दिसेलच, असे नाही. ज्या पेनिसिलिनने उंदरांना वाचविले, तेच गिनीपिगला मारक ठरते, कारण त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू त्याने नष्ट होतात. फ्लोरी यांनी त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते, तर कदाचित ते औषध बाजूलाच पडले असते. गोल खिडकीचा पडदाही या प्राण्यांत माणसाच्या पडद्याहून कितीतरी पातळ असतो. त्यामुळे औषध आत किती झिरपेल, याचा त्यांच्यावरून केलेला अंदाज माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

म्हणजे या व्यवहारात काही जीव उपयोगी पडतात, आणि काही अशा प्रश्नासाठी जातात की ज्याचे उत्तर त्यांच्या देहात नव्हतेच. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हा बुडीत खर्च. तो किती, याची कोणी वेगळी खतावणी ठेवीत नाही, आणि आपण औषध घेणारे त्याकडे कानाडोळा करतो.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात १९६० सालचा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. नृत्यक्षेत्रात विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठविला होता. हा कायदा जीव वाचविण्यासाठी किंवा व्याधी दूर करण्यासाठी केलेल्या प्रयोगांना मनाई करीत नाही. पण लगाम घालतो. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये. केवळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करू नये. पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रफितीने काम होत असेल तेथे प्राणी घेऊ नये. भूल द्यावी, असे त्यात सांगितले आहे.

१९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या संस्थेला केंद्रीय समितीकडे नोंदणी करावी लागते आणि संस्थेत प्राणी आचारसमिती असावी लागते. प्रत्येक प्रयोग आधी या समितीपुढे येतो. तिच्यात शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतातच. पण शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक जाण असलेला एक सदस्यही असावा लागतो. हे वाचून मी थबकलो. म्हणजे माझ्यासारखा सामान्य निवृत्त माणूस तेथे बसून विचारू शकतो की, “वीस प्राणी कशाला, बारांत का भागत नाही?”

जगात या विचाराचा पाया रसेल आणि बर्च या दोन इंग्रज अभ्यासकांनी १९५९ साली घातला. प्राण्याऐवजी दुसरे साधन शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, यातना सौम्य करा, ही त्यांची त्रिसूत्री. भारताने तिला चौथे सूत्र जोडले, ते प्रयोगानंतर प्राण्याच्या पुनर्वसनाचे. आपली पांजरपोळ परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चौथे सूत्र परके वाटणार नाही. मुंबईचे पांजरपोळ तर १८३४ सालापासून उभे आहे.

वारे बदलत आहे, ही समाधानाची गोष्ट. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर परीक्षा घेण्यास भारताने २०१४ साली बंदी केली. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये, तर आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये नियम बदलून नव्या औषधांसाठी प्राण्यांऐवजी मानवी पेशी वा तत्सम साधनांवर केलेल्या चाचण्या ग्राह्य धरण्याची वाट मोकळी झाली. इंडियाना विद्यापीठातील कोहलर आणि हाशिनो यांच्या गटाने २०१७ साली मानवी मूलपेशींपासून प्रयोगशाळेत आतल्या कानाच्या पेशींचे लहान गोळे वाढवून दाखविले. त्यांत केसपेशी होत्या. संपूर्ण कानाची जागा ते आज घेऊ शकत नाहीत. परंतु केसपेशींना औषध घातक आहे का, या एका प्रश्नासाठी उद्या गिनीपिगची गरज कमी भासावी, अशी ही दिशा आहे.

आक्काला दिलेले उत्तर

चौथ्या दिवशी हे सारे मी आक्कापुढे मांडले. तिने उजवा कान माझ्याकडे करून शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, “म्हणजे दोष लागतो की नाही?”

गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार आपल्याकडे मानतात. त्यांपैकी संकल्पी, म्हणजे जाणूनबुजून मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा गृहस्थालाही सर्वथा वर्ज्य. शिवाय हिंसा करणे, करविणे आणि तिला अनुमोदन देणे, असे तीन मार्ग सांगितले आहेत. औषध घेणाऱ्याने प्रयोग केला नाही आणि करविलाही नाही, पण अनुमोदन? तेथे मी अडखळलो. दोष नाही, असे सांगून तिची समजूत काढणे सोपे होते. पण खोटा ताळेबंद सही करून देण्याची सवय मला कधीच नव्हती.

मी म्हणालो, “आक्का, दोषाचे ज्ञानी जाणोत. मला हे कर्जासारखे दिसते. ते आपल्या नावावर पडलेले आहे. बाटली कपाटात ठेवल्याने ते फिटत नाही. गेलेले जीव परत येत नाहीत, आणि औषध वाया गेले तर ते ज्यासाठी गेले तेही वाया जाते. कर्ज घेणे हा अपराध नव्हे. घेतलेच नाही म्हणणे आणि फेडण्याची बुद्धी न ठेवणे, हा अपराध.”

ती बराच वेळ पावसाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “फेडायचे कसे, ते सांग.”

फेडीचे हप्ते

आम्ही दोघांनी मिळून जे ठरविले, ते वाचकांनाही उपयोगी पडेल.

पहिला हप्ता, औषधाची गरजच कमी करण्याचा. कानात तेल, दूध, लसूण काहीही घालू नये. काडी, केसांची पिन किंवा किल्ली फिरवू नये. तान्ह्या बाळाला पाठीवर आडवे निजवून दूध पाजू नये, डोके उंच असावे. अंगावरचे दूध मिळालेल्या आणि धुरापासून दूर राहिलेल्या मुलांचे कान कमी फुटतात. कान दुखणाऱ्या व बिघडविणाऱ्या जंतूंत न्यूमोकॉकस प्रमुख आहे. त्याची लस २०१७ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर मिळू लागली. ती बाळाला चुकवू नये. जो कान फुटलाच नाही, त्याच्यासाठी कोणत्याही जीवाचा कान घ्यावा लागत नाही.

दुसरा, घेतलेले औषध वाया न घालविण्याचा. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस आणि तितकेच थेंब घालावेत. अर्धवट सोडलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात. मग नवे औषध शोधावे लागते आणि नव्या औषधासाठी पुन्हा नवे प्राणी.

तिसरा, देहदानाचा. मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी कानाच्या हाडावरून वैद्य शस्त्रक्रिया शिकतात आणि औषध पडद्यातून कसे झिरपते तेही अभ्यासतात. माणसाच्या प्रश्नाला माणसाच्याच देहाने उत्तर द्यावे, यापरता सरळ व्यवहार कोणता? प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी आपली लस आधी प्राण्यांवर पाहिली खरी. पण १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत तिची पहिली मानवी परीक्षा त्यांनी स्वतःच्या देहावर घेतली.

चौथा, समाजाचा. औषधनिर्माण महाविद्यालयांत आपली अनेक मुले शिकतात. त्यांनी प्राण्यांऐवजी वापरता येणाऱ्या साधनांचा अभ्यास हाती घ्यावा. शिष्यवृत्ती देणाऱ्या आपल्या न्यासांनी त्यासाठी एखादी वेगळी ठेवावी. आणि आमच्यासारख्या निवृत्तांनी आचारसमित्यांतील त्या शास्त्रज्ञेतर सदस्याच्या जागेसाठी पुढे यावे. घोषणा देणारे पुष्कळ असतात. कागद वाचून प्रश्न विचारणारे थोडे. मी माझा अर्ज तयार केला आहे.

डॉक्टरांना पुन्हा विचारून आक्काने थेंब पहिल्या दिवसापासून सुरू केले आणि दहा दिवस न चुकता पूर्ण केले. कान कोरडा झाला. संवत्सरीला क्षमापना करताना तिने प्रथेप्रमाणे घरच्यांची, शेजाऱ्यांची, भाजीवालीची क्षमा मागितली. शेवटी हात जोडून, ज्यांच्या कानात हे औषध आपल्या आधी गेले त्या न पाहिलेल्या जीवांचीही मागितली. नातू शेजारीच उभा होता. त्या दिवसापासून तो पेशींवरील चाचण्यांची पुस्तके शोधू लागला आहे, असे त्याची आई सांगते.

आक्काची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. प्रवचनाला ती पहिल्या रांगेत, उजवा कान पुढे करून बसते.